सहीच्या आधी हॉस्टेल : दार-एस-सलाम ते झांझिबार

शनिवार

दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येऊ घातली की कॉलेजांना अचानक जग आठवतं. फाइलमध्ये 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' असा एक रकाना असतो, आणि आमच्याकडे तो कायम कोरा. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमचं एम.ए. आफ्रिकेतलंच ना? मे महिन्यात जाताच आहात, तर एखादा एमओयू, म्हणजे सहकार्याचा करार, घेऊन या." जणू येताना कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची होती.

एम.ए. आफ्रिकेवरचं, पण झालं कलिन्यात. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकन अभ्यास केंद्र १९७१ पासून तिथे आहे. दिल्ली विद्यापीठाने तर १९५५ मध्येच असा विभाग काढला होता. नवे देश स्वतंत्र होतायत, त्यांच्याशी बोलायचं तर त्यांचा इतिहास आणि भाषा जाणणारी माणसं आपल्याकडे हवीत, असा सरळ हिशेब होता तेव्हा. मी तिथे टांझानियावर ढीगभर वाचलं, स्वाहिलीचे चार धडे गिरवले आणि पुढे नोकरीभर एफ.वाय.च्या मुलांना शिवकाल शिकवला. टांझानिया नकाशातच राहिला. तिकीट माझं मी काढलं. कॉलेजने शिक्का मारलेलं एक पत्र दिलं.

एअर टांझानियाची मुंबई ते दार-एस-सलाम, म्हणजे दार, थेट सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. साधारण सहा तासांचा प्रवास. आत नजर टाकली आणि लक्षात आलं की दोन देशांमधला खरा राबता कोणाचा आहे : अर्ध्याअधिक सीटांवर दवाखान्यातून परतणारी माणसं. मांडीवर एक्स-रेची मोठी पाकिटं, एकीच्या पिशवीत औषधांचा महिन्याभराचा साठा. माझ्या शेजारच्या बाई नवऱ्याची बायपास करून निघाल्या होत्या. त्यांना मुंबईतल्या रिक्षावाल्यांचा, धर्मशाळांचा, हॉस्पिटलच्या बिलांचा माझ्यापेक्षा जास्त अनुभव. मी दारला जाऊन विद्यापीठ बघणार म्हटल्यावर त्यांनी मला नीट निरखून घेतलं. "आजारी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

पन्नास डॉलरचा ई-व्हिसा आधीच काढला होता, त्यामुळे बाहेर पडायला वेळ लागला नाही. पाऊस पडत होता. मार्च ते मे हा इथला मोठा पाऊस, मसिका.

रविवार

उतरले होते दारच्या उपांगा भागात, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे. मूळचा सांगलीचा, इथे औषध कंपनीत आहे. बायको मिरजेची. रात्री पिठलं-भात झाला होता, सकाळी पोहे. "मॅडम, इथे सगळं मिळतं, फक्त कढीपत्ता शेजारच्या काकूंच्या झाडाचा," असं ती म्हणाली. त्या काकू गुजराती, पाचवी पिढी दारमधली.

दुपारी किसुटूच्या गल्लीत फिरलो. एकामागून एक देवळं, पलीकडे इस्माइली मुसलमानांचा जमातखाना, मध्ये मिठाईची दुकानं आणि पानपट्ट्या. घरांच्या कपाळावर अजून बांधणाऱ्याचं नाव आणि साल कोरलेलं दिसतं. त्या घरांची पुढची गोष्ट मात्र कपाळावर लिहिलेली नाही. १९७१ च्या कायद्याने सरकारने भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या. त्या मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या, आणि नंतरच्या काही वर्षांत हजारो कुटुंबं कॅनडा, ब्रिटन गाठती झाली. कायद्यामागचा राग कळतो : शहराच्या मोक्याच्या जागी घरभाड्यावर जगणारा एक समाज आणि त्याला भाडं देणारा दुसरा. ज्यांनी घर गमावलं त्यांचा रागही कळतो. राहिलेल्यांनी मात्र एक गोष्ट केली. मुलांना शिकायला बाहेरच पाठवायचं ठरवून टाकलं.

रात्री जेवताना मी यजमानांच्या मुलीला विचारलं, बारावीनंतर काय? "पुणे, नाहीतर कॅनडा." आणि इथलं विद्यापीठ? मुलगी हसली. तिचा बाबाही हसला, मग जरा ओशाळला. "मॅडम, खरं सांगू का? इतकी वर्षं झाली, मी अजून तो कॅम्पस पाहिलेला नाही." घरापासून पंधरा किलोमीटरही नसेल.

सोमवार

म्हणून मग त्यालाच बरोबर घेतलं. गाडी नको म्हटलं, डालाडालाने जाऊ. डालाडाला म्हणजे इथली वडाप : बारा-पंधरा माणसांच्या गाडीत पंचवीस. कंडक्टर बाहेर लटकलेला, मुठीतली नाणी खुळखुळवत थांब्यांची नावं ओरडतो. उतरायचं असेल तर आपणही 'शुशा!' म्हणून ओरडायचं. माझ्या विद्यार्थ्याला ते ओरडणं जमेना. शेवटी मागच्या सीटवरच्या शाळकरी पोरीने आमच्यासाठी ओरडून दिलं.

विद्यापीठ टेकडीवर आहे, म्हणून सगळे त्याला 'म्लिमानी' म्हणतात. फाटकातून आत गेलं की रस्ता चढतच राहतो. दोन्ही बाजूंना आंब्याची आणि नावं माहीत नसलेली झाडं, कचराकुंड्या उपसणारी माकडं. झाडाखाली सिमेंटची टेबलं आणि त्यालाच जोडलेली बाकं; त्यांना 'विंब्वेटा' म्हणतात. पाऊस थांबून तास झाला नव्हता. मुलं ओल्या बाकावर पुठ्ठा टाकून बसली होती. एका टेबलावर कायद्याच्या नोट्स, दुसऱ्यावर कोणीतरी खडूने सिमेंटवरच समीकरण सोडवत होतं आणि चुकलं की तळहाताने पुसत होतं. एक मुलगी आमच्यासाठी सरकून बसली. "शिकामू," ती म्हणाली. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार, त्याला 'मारहाबा' म्हणून उत्तर द्यायचं. कलिन्यातल्या चार धड्यांपैकी हा पहिला धडा, तो कामी आला.

थोडं वर न्क्रुमा हॉल. खोगिरासारखं वाकलेलं छप्पर. जुन्या ५०० शिलिंगच्या नोटेमागे त्याचं चित्र होतं. घानाच्या पहिल्या अध्यक्षाचं नाव टांझानियाच्या विद्यापीठातल्या सभागृहाला. हे नुसतं नावापुरतं नव्हतं. १९६१ च्या ऑक्टोबरात, स्वातंत्र्याला दीडएक महिना उरला असताना, हे कॉलेज सुरू झालं ते स्वातंत्र्याची चळवळ चालवणाऱ्या टानू पक्षाच्या इमारतीत, कायद्याच्या जेमतेम एका वर्गाएवढ्या मुलांवर. तेव्हा ते लंडन विद्यापीठाला जोडलेलं. मग १९६३ पासून युगांडातलं मकेरेरे आणि केनियातलं नैरोबी यांच्यासोबत पूर्व आफ्रिका विद्यापीठाचा भाग, आणि १९७० पासून स्वतंत्र. पहिले कुलपती खुद्द अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे, ज्यांना सारा देश 'म्वालिमू' म्हणजे मास्तर म्हणतो.

मास्तर कसे होते याची गोष्ट इथे अजून सांगतात. १९६६ च्या ऑक्टोबरात मुलांनी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध मोर्चा काढला. तक्रार काय, तर सेवेच्या काळात पगार कापणार. न्येरेरे भडकले. आपल्या सगळ्यांचेच पगार जास्त आहेत म्हणाले, स्वतःचा वीस टक्क्यांनी कापला आणि शेकडो मुलांना घरी पाठवून दिलं. बहुतेकांना पुढे परत घेतलं. मला यात पगारकपातीचं कौतुक वाटतं आणि हकालपट्टीचं वाटत नाही. पण कलिन्याच्या वाचनालयात हा प्रसंग वाचताना तो एका ओळीत संपला होता. इथे, ज्या रस्त्याने ती मुलं सामान घेऊन उतरली असतील त्यावर उभं राहिल्यावर, ओळ लांबली.

त्याच दशकात ही टेकडी म्हणजे जगभरच्या बंडखोर डोक्यांचा अड्डा होती. मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमोचं मुख्यालय शहरात. गयानाचे वॉल्टर रॉडनी इथे इतिहास शिकवत होते, आणि युरोपने आफ्रिकेला मागास कसं करून ठेवलं यावरचं त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये इथूनच निघालं. पुढे युगांडाचे अध्यक्ष झालेले मुसेवेनी इथले विद्यार्थी. कायदा विभागातले इस्सा शिवजी हे टांझानियातच जन्मलेले भारतीय वंशाचे प्राध्यापक; पुढे आफ्रिकी ऐक्याच्या अभ्यासासाठी न्येरेरेंच्या नावाने निघालेल्या अध्यासनावर पहिले तेच बसले. आणि महमूद ममदानी : जन्म मुंबईचा, वाढले युगांडातल्या कंपालात, १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं त्यात तेही गेले, आणि पुढच्याच वर्षी दारला शिकवायला आले. किसुटूतली मंडळी कॅनडाची तिकिटं काढत होती त्याच सुमारास उलट्या दिशेने आलेला हा माणूस. माझ्या सांगलीकर विद्यार्थ्याने ही दोन्ही नावं ऐकली नव्हती. "हे आपले लोक?" त्याने विचारलं. आपले म्हणायचं की त्यांचे, यावर आम्ही उतार संपेपर्यंत बोलत होतो.

दुपारी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या कार्यालयात गेले. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, चष्मा साखळीला लावलेला. शिक्क्याचं पत्र त्यांनी वाचलं, नमुना करार वाचला आणि पेन खाली ठेवलं. असे करार त्यांच्याकडे जगभरातून येतात. सह्या होतात, फोटो निघतात, पुढे कोणी येत नाही. "आपण उलटं करू," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, आमची दोन मुलं तुमच्याकडे एका सत्रासाठी आली तर ती राहतील कुठे? हॉस्टेलमध्ये, की बाहेर खोली शोधायची?"

त्यांनी पुढचं बोलण्याची गरज नव्हती. २०१६ च्या जानेवारीअखेर बंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारलं. अपघात केला होता दुसऱ्याच कुणीतरी, सुदानच्या एका विद्यार्थ्याने. ही बातमी आपण विसरलो; त्या कार्यालयात ती काल घडल्यासारखी आहे. आणि आमच्या पुण्यात तरी काय वेगळं? आफ्रिकन विद्यार्थ्याला खोली दाखवून झाल्यावर 'सोसायटीची परवानगी नाही' म्हणणारे घरमालक मी स्वतः पाहिलेत. त्याच पुण्यात मॉरिशसहून आलेल्या एका आजारी विद्यार्थ्याचे हाल पाहून शां. ब. मुजुमदारांनी परदेशी मुलांसाठी काहीतरी करायचं मनावर घेतलं आणि १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली. म्हणजे हा प्रश्न आपल्याला कळलेला होता, अर्धशतकापूर्वी.

प्राचार्यांना फोन लावला. "हॉस्टेलचं नंतर बघू, आधी सही घ्या," ते म्हणाले.

मंगळवार

इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी वर्गात बसायला बोलावलं होतं. आधी नवं ग्रंथालय बघून या म्हणाले. चीनच्या मदतीने बांधलेलं, २०१८ मध्ये उघडलेलं. एका वेळी एकवीसशे माणसं बसतील आणि आठ लाख पुस्तकं मावतील असं. काचा, उंच छत, गारवा. खालच्या विंब्वेट्यांशी त्याचं काही नातं नाही, पण मुलं गच्च भरलेली होती आणि हे महत्त्वाचं. चिनी भाषा शिकवणारी कन्फ्युशियस संस्थाही कॅम्पसवर आहे. आपल्याकडे यावर लगेच 'चीनचा विळखा' वगैरे लिहितात. लिहावं. पण इथल्या मुलाला बीजिंगला जायचं तर भाषा, शिष्यवृत्ती आणि खोली एकाच खिडकीवर मिळते. भारताच्या खिडक्याही कमी नाहीत : आयटेक या सरकारी योजनेचं प्रशिक्षण १९६४ पासून चालू आहे, सांस्कृतिक संबंध परिषदेच्या (आयसीसीआर) शिष्यवृत्त्या आहेत, आफ्रिकेसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पंधरा हजार शिष्यवृत्त्यांची योजना २०१९ मध्ये निघाली, पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने या देशाला महासंगणक दिला. २०२३ मध्ये अध्यक्ष सामिया सुलुहू हसन दिल्लीत आल्या तेव्हा जेएनयूने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. देणं भरपूर आहे. इथून आपण शिकायला काय घेतो, ही यादी मात्र मला वर्गात जाईपर्यंत आठवत राहावी लागली.

वर्गात पन्नासेक मुलं. प्राध्यापकांनी माझी ओळख करून दिली आणि विचारलं, "तुमच्याकडे आफ्रिकेबद्दल काय शिकवतात?" मी खरं ते सांगितलं : गुलामांचा व्यापार, युरोपियनांनी केलेली वाटणी, मंडेला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आमच्यावर काय झालं ते. आम्ही काय केलं ते नाही?"

मग मी मलिक अंबर सांगितला. इथिओपियात जन्मलेला मुलगा, बाजारात विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला. मुघलांच्या फौजांना त्याने उघड्या मैदानात न गाठता रसद तोडून, डोंगरात ओढून दमवलं. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते, शहाजीराजे होते. त्याने वसवलेलं खडकी हे गाव पुढे औरंगाबाद झालं. जमिनीखालून नळ घालून शहराला पाणी आणलं ते त्यानेच. १६२६ मध्ये गेला, कबर खुलताबादला आहे. मग जंजिऱ्याचे सिद्दी, ज्यांचा पाण्यातला किल्ला शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही घेता आला नाही. फळ्यावर मी किनारा काढला, त्यावर मुरूड आणि नगर टाकलं, खाली लांब रेघ मारून मसावा आणि झांझिबार. वर्ग एकदम पुढे सरकला. या माणसाचं नाव त्यांच्या पुस्तकांत नाही आणि आमच्या पुस्तकांत तो 'हबशी सरदार' म्हणून एका परिच्छेदात येतो. एका मुलाने त्याच्या जमीनमहसुलाबद्दल विचारलं, आणि एका मुलीने जो प्रश्न टाकला त्याने मी अडले : त्याच्या फौजेतल्या आफ्रिकन शिपायांची वंशावळ आज कुठे आहे? मी कर्नाटक-गुजरातमधल्या सिद्दी वस्त्यांबद्दल सांगितलं. "त्यांच्यापैकी कोणी इथे शिकायला येतं का?" तिने विचारलं.

तास संपल्यावर आम्ही दोघे प्राध्यापक उगालीच्या ताटावर बसलो. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बरोबर घेवड्याची आमटी. जेवता जेवताच त्यांनी वहीच्या पानावर एक अभ्यासक्रम मांडला : हिंदी महासागर आणि दख्खन. निम्म्या तासिका इथून ऑनलाइन, निम्म्या तिकडून, दोन्हीकडची मुलं एकाच वर्गात, शेवटी दोन-दोन मुलांची अदलाबदल. अडीच तासांचा वेळेचा फरक, म्हणजे इथली सकाळची तासिका आणि आपली दुपारची सहज जुळते. मराठी बखरी आणि कागदपत्रांमधले मलिक अंबरबद्दलचे उतारे इंग्रजीत आणून देणं माझ्याकडे. एवढं काम असणारा करार कॉलेजला परवडेल का, कोण जाणे. मला तो पहिल्यांदाच करावासा वाटला.

बुधवार

झांझिबारला बोटीने दोनेक तास. मे महिन्यात दक्षिणेकडचा 'कुसी' वारा सुरू झालेला असतो, बोट चांगलीच हलते. उलटीच्या पिशव्या हाताशी ठेवा. हाच वारा पूर्वी गलबतांना इथून कच्छ-मुंबईकडे ढकलत न्यायचा, आणि नोव्हेंबरात सुटणारा 'कास्काझी' त्यांना परत आणायचा. बेटासाठी ४४ डॉलरचा वेगळा विमा आता सक्तीचा आहे, तो ऑनलाइन आधीच भरावा.

स्टोन टाउनमध्ये सगळे बघतात ते मीही पाहिलं. गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला आणि त्याच जागी उभं राहिलेलं चर्च. ठरिया टोपण या खोजा व्यापाऱ्याने बांधायला घेतलेला दवाखाना, लाकडी नक्षीच्या सज्ज्यांचा. सुलतान बरगशचा 'आश्चर्यांचा महाल', ज्याचा एक भाग २०२० च्या नाताळात कोसळला. बरगशला भावाविरुद्ध बंड केल्याबद्दल १८५९ मध्ये मुंबईला हद्दपार केलं होतं. सुलतान झाल्यावर त्याने शहराला नळाचं पाणी दिलं, आणि ती कल्पना त्याने मुंबईत उचलली असं सांगतात. त्याच्या दरबारी बँडमध्ये गोव्याचे वादक होते.

फ्रेडी मर्क्युरीच्या नावाचं संग्रहालय मी बाहेरूनच पाहिलं. फारुख बलसारा इथे जन्मला, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, आणि १९६४ च्या क्रांतीनंतर घर सोडून इंग्लंडला गेला. त्या क्रांतीत भारतीय आणि अरब वंशाचे किती लोक मारले गेले यावर इथे कोणी जोरात बोलत नाही. दुपारी एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला काउंटरमागे बसवून चहा पाजला. आडनाव कच्छी, बोलणं स्वाहिली. नातवंडं लेस्टरला. "तुमची आयआयटी आली म्हणे," तो म्हणाला. "पन्नास वर्षं आधी आली असती तर आमची पोरं इथेच राहिली असती." मला नाही तसं वाटत, पण वाद घातला नाही.

रात्री फोरोधानीच्या बागेत उरोजो प्याले : आंबटसर पिवळा रस्सा, त्यात भजी, बटाटा, वरून चटणी. उत्तम.

गुरुवार

ब्वेलेओ हे गाव स्टोन टाउनच्या दक्षिणेला, पंधराएक किलोमीटरवर. बजाजी केली, म्हणजे वाळूजच्या कारखान्यातली आपलीच रिक्षा. आयआयटी मद्रासचा झांझिबार कॅम्पस इथे आहे, देशाबाहेरची पहिली आयआयटी. जुलै २०२३ मध्ये करार झाला आणि त्याच वर्षी वर्ग भरले. सुरुवात डेटा सायन्स आणि एआयमधल्या पदवी आणि एम.टेक.ने. पहिल्या संचालक प्रीती अघालयम, कुठल्याही आयआयटीच्या प्रमुखपदी बसलेल्या पहिल्या बाई. इथे जेईई नाही. वेगळी चाचणी आणि मुलाखत. आपल्याकडचे कोचिंगवाले हे वाचून दुःखी होतील.

सुरुवातीची पदवीची फी वर्षाला बारा हजार डॉलर जाहीर झाली होती. झांझिबारच्या मासेमाराच्या किंवा लवंगांच्या बागेत राबणाऱ्याच्या घरातून हे पैसे येणार नाहीत. शिष्यवृत्ती हाच सगळा खेळ. कोणाला मिळते, किती जणांना, पुढे चालू राहते का, यावर ही संस्था बेटाची होईल की बेटावरची राहील ते ठरणार.

फाटकाबाहेरच्या टपरीवर दोघे भेटले. एक मुलगी पेंबा बेटावरची, शिष्यवृत्तीवर. एक मुलगा नाशिकचा. मराठी ऐकून त्याचा चेहरा असा खुलला की त्याने माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले. दोघे एकाच प्रोजेक्टवर होते : समुद्रशेवाळाची शेती. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात दोऱ्या ताणून त्यावर शेवाळ वाढवतात, काम जवळजवळ सगळं बायकांचं. पाणी तापत चाललंय तसं पीक मरतं. पाण्याचं तापमान आणि पीक यांची आकडेवारी जमवून अंदाज बांधायचा, असं त्यांचं चाललेलं. मुलगी म्हणाली, "याला पहिल्या दिवशी माझ्या मावशीने पाण्यात उभं केलं. दोरी बांधायला शिकवली, मगच माहिती दिली." मुलाने हात दाखवले, बोटांवर दोरीचे वळ. तो बाजारात स्वाहिलीत घासाघीस करतो, ती 'अरे यार' म्हणते. "मावशी, घरी सांगितलंय की कॅम्पस एकदम भारी आहे," तो हळूच म्हणाला. "पाण्यात उभं राहतो ते नाही सांगितलं."

दिल्लीहून आलेल्या भाषणांमध्ये आयआयटी आफ्रिकेला काय देणार ते सविस्तर असतं. नाशिकच्या या पोराला पेंब्याची मावशी काय देते ते कुठल्याच करारात नाही.

परतताना झांझिबारच्या सरकारी विद्यापीठाच्या भाषासंस्थेत डोकावले. परदेशी लोकांना स्वाहिली शिकवण्याचं काम इथे सत्तरच्या दशकापासून चालतं. व्हरांड्यात जर्मन, कोरियन, अमेरिकन मुलं पाठ म्हणत बसली होती. भारतीय कितीसे येतात, मी विचारलं. शिक्षक मिश्कील हसले. "तुमचे लोक येतात की. धंद्याला आणि हनिमूनला." माहितीपत्रक मी आमच्या कॉलेजसाठी दोन घेतली.

शुक्रवार

सकाळच्या बोटीने दार. कार्यालयातल्या बाईंनी मसुदा दुरुस्त करून ठेवला होता. पहिलं कलम हॉस्टेल : पाहुण्या विद्यार्थ्याला खोली देणं यजमान संस्थेवर बंधनकारक. दुसरं सामाईक अभ्यासक्रम. विमानभाडं दोघांनी निम्मं. खाली सहीची जागा मोकळी. त्यांच्याकडे विधी विभाग, समित्या, काही महिने लागतातच. मी तो प्राचार्यांना पाठवला. उत्तर लगेच आलं : "मुलींचं वसतिगृह फुल्ल आहे. कलम १ काढा. कार्यालयाच्या पाटीसमोर फोटो तरी पाठवा." मी मसुदा तसाच ठेवला आणि शिक्षक निवासातली तीन वर्षं कुलूप असलेली खोली कोणाच्या ताब्यात आहे, ते विचारणारा मेल रजिस्ट्रारांना टाकला.

विमानतळावर चेक-इनच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगा होता, पुण्याला बी.सी.ए.ला निघालेला. पहिलाच विमानप्रवास. आईने दिलेल्या पिशवीत सुके मासे होते आणि ते चालतील की नाही याची त्याला चिंता. मी पुण्याची म्हटल्यावर त्याने खिशातून कागद काढला. खोलीचा एजंट सहा महिन्यांचं डिपॉझिट मागतोय, बरोबर आहे का? नाही, म्हटलं, दोन-तीनच्या वर देऊ नकोस आणि पावती घे. आणि परदेशी माणूस राहायला आल्याचा पोलिसांचा फॉर्म? एजंट त्याचे पाच हजार वेगळे मागत होता. तो घरमालकाने भरायचा असतो, तू राहायला गेल्यापासून चोवीस तासांत, ऑनलाइन, फुकट. त्याने ते लिहून घेतलं, 'फुकट'खाली दोनदा रेघ मारली.

"आणि मालक म्हणाला, मला भरायचा नाही, तर?"

माझा नंबर लिही, म्हटलं. रांग पुढे सरकली.